काकूंच्या मळ्यासाठी प्रोटेक्शन डॉग : कामाच्या नोंदी

९ जून २०२५

काम घेतलं. सासवडच्या पुढे सीताफळ-अंजिराचा मळा आहे, घर बागेच्या मधोमध, रस्त्यापासून बरंच आत, आणि घरात काकू एकट्या. दिवसा वर्दळ असते, गडी, तोडणीच्या बायका, टेम्पोवाले, पण अंधार पडला की सगळे आपापल्या घरी, मग काकू आणि टीव्ही. विहिरीवरच्या मोटारीची केबल कापून नेली ते एक झालं, तालुक्यात ते सगळ्यांचंच होतं. पण एप्रिलमध्ये एक माणूस रात्री पडवीत येऊन उभा राहिला, दार वाजवलं नाही, हाक मारली नाही, नुसता उभा, आणि काकूंनी लाईट लावल्यावर सावकाश चालत निघून गेला. तेव्हापासून मुलाने धोशा लावलाय.

मुलगा पुण्यात आयटीत. फोनवर त्याची मागणी सरळ होती, "दिसेल त्याला फाडेल असा कुत्रा द्या सर, पैशाचं बघू". म्हटलं त्यासाठी माझ्याकडे यायची गरजच नाही, कुठलंही पिल्लू वर्षभर साखळीला बांधा आणि येणाऱ्याजाणाऱ्या पोरांना त्याला दगड मारू द्या, आपोआप तयार होतं. त्याला आवडलं नाही. काकू मागून हसत होत्या, त्यांना एवढंच पाहिजे की सुट्टीत नातवंडं येतात त्यांना काही करायला नको आणि चहा पिताना कुत्रा शेजारी बसलेला असावा.

मळ्यावर दिवसभर बसून कोण येतं कोण जातं ते बघितलं आणि मग कागदावर लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. कुत्र्याने दिवसा येणाऱ्या माणसांकडे ढुंकून बघायचं नाही. लहान पोरं अंगावर पडली तरी उठून बाजूला जायचं. रात्री अनोळखी माणूस पडवीपर्यंत आला तर काकूंच्या आणि त्याच्या मध्ये उभं राहून भुंकायचं, आणि त्याने काकूंना हात लावला तरच धरायचं, आणि "सोड" म्हटलं की सोडायचं. चावणं यादीत सगळ्यात शेवटी का आहे असं मुलाने विचारलं. म्हटलं कामात पण ते शेवटीच येतं.

१२ जून

काठीचा प्रश्न. हा आधी सोडवल्याशिवाय कुत्रा निवडण्यात अर्थ नाही.

आपल्याकडे बाईटवर्क (कुत्र्याला माणूस धरायला आणि सोडायला शिकवणं) म्हणून जे शिकवतात त्यातलं बरंचसं जर्मन पद्धतीतून आलंय. माक्स फॉन श्टेफानिट्झने १८९९ मध्ये जर्मन शेफर्डचा क्लब काढला, १९०१ ला पहिली शुट्झहुंड (म्हणजे रक्षक कुत्रा) परीक्षा झाली, हेतू हा की कुठल्या कुत्र्यापासून पिल्लं घ्यायची आणि कुठल्यापासून नाही ते कळावं. तेच पुढे आयपीओ झालं आणि २०१९ पासून आयजीपी म्हणतात. माग काढणं, आज्ञापालन आणि प्रोटेक्शन असे तीन भाग, प्रत्येकी १०० मार्क, प्रत्येकात ७० मिळाले की पास. अतिशय चांगली परीक्षा आहे, मी आजही तरुण कुत्रा बघताना त्यातलं बरंच वापरतो. पण त्यात हेल्परच्या, म्हणजे हल्लेखोर बनणाऱ्या माणसाच्या, हातात मऊ आवरणाची काठी असते, कुत्र्याने धरल्यावर तो काठी उगारून दबाव आणतो आणि कुत्र्याची पकड ढिली पडते का ते जज बघतो. आता कुत्र्याच्या बाजूने विचार करा, त्याला कळतं की मैदान, स्लीव्ह (हेल्परच्या हातावरचं जाड आवरण, कुत्रा तेच धरतो) आणि उगारलेली काठी हे तिन्ही दिसलं की मजा सुरू. मैदानात ठीक आहे.

मळ्यावर काय आहे? गुराखी काठी घेऊन येतो. वॉचमनकडे काठी. साप दिसला की दोघंतिघं काठ्या घेऊन धावतात. तोडणीला आकडी बांधलेला लांब बांबू असतो. कोयता, खोरं, फवारणीचा पंप, प्रत्येकाच्या हातात काहीतरी आहेच. काठी म्हणजे इशारा असं डोक्यात बसलेला कुत्रा इथे आठवड्याच्या आत कुणाला तरी धरेल आणि तो माणूस बहुधा दहा वर्षं काकूंकडे कामाला असलेला असेल.

म्हणून ठरवलं की या कामात काठी हेल्परच्या हातात जितक्या वेळा येईल त्याच्या कितीतरी पट जास्त वेळा साध्या माणसाच्या हातात यायला पाहिजे, आणि तेव्हा काहीच घडता कामा नये. आमच्या हेल्परला (जुना पैलवान आहे, सगळे पैलवानच म्हणतात) हे सांगितलं तर म्हणाला म्हणजे मी नुसतं काठी घेऊन फिरायचं? हो. कंटाळवाणं आहे, पण तेच काम आहे.

१८ जून

पहिला उमेदवार, रॉटवायलर, तीन वर्षांचा नर, नाव सीझर. मालक हडपसरचे, फ्लॅटमध्ये राहतात आणि आता झेपत नाही म्हणून द्यायचाय. "फार डेंजर आहे, घरात कोणाची यायची हिंमत नाही." आल्या आल्या त्यांनी मला दाखवायला पट्टा धरून "छू!" केलं आणि सीझर गर्जून पुढे आला, पट्टा ताणला, दात दाखवले, फेस. बघणाऱ्याला वाटेल वा.

मी मालकांना म्हटलं आता तुम्ही गप्प उभे रहा. पैलवान साध्या कपड्यात, हातात काही नाही, सरळ चालत आला, डोळ्यात डोळे घालून, हळू. बारा-पंधरा पावलांवर असताना सीझरचं भुंकणं बारीक झालं, आवाज चिरका. वजन मागच्या पायांवर गेलं. कान मागे, शेपटीचा बुडखा आत दाबलेला, आणि पुढे उडी मारताना प्रत्येक वेळी एक पाऊल पुढे आणि दीड पाऊल मागे. पैलवान पाच पावलांवर थांबला तर कुत्रा मालकांच्या पायांमागे, तिथून भुंकणं चालू. मग पैलवानने पाठ फिरवली आणि चालायला लागला, त्याच क्षणी सीझर सुटल्यासारखा त्याच्या पोटरीकडे गेला. पट्टा होता म्हणून ठीक.

हा कुत्रा धीट नाही, घाबरलेला आहे, आणि भुंकलं की माणसं लांब जातात हे त्याला कळलंय. त्यात त्याची काही चूक नाही. पण काकूंकडे हा पाठ फिरवून जाणाऱ्या प्रत्येकाच्या पोटरीला लागेल आणि जो माणूस खरंच थांबणार नाही त्याच्यापुढून हा पळेल.

मालक नाराज झाले, मग विचारायला लागले की रॉटवायलरवर बंदी आली होती म्हणे त्याचं काय. मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या पत्रात २३ जातींची यादी होती त्यात रॉटवायलर होता, ते पत्र कर्नाटक हायकोर्टाने एप्रिलमध्ये रद्द केलं. जातीचा इथे संबंधच नाही, धीट रॉटवायलर मी बघितलेत. सीझरला मुसकं घालायची सवय लावा, "छू" कायमचं बंद करा, आणि लोकांपासून लांबून फिरवा एवढं सांगितलं. ऐकतील असं वाटत नाही.

२७ जून

पालखी जेजुरीकडे गेली, घाट मोकळा झाला, कामाला सुरुवात. आमचं ग्राउंड वडकीला, दिवे घाटाच्या अलीकडे, त्यामुळे पालखीच्या दिवसांत गाडी हलत नाही.

दुसरा उमेदवार मॅलिनॉइस (बेल्जियन शेफर्डचा एक प्रकार), अकरा महिन्यांचा नर, बुलेट. काय कुत्रा आहे! गोणपाटाची चिंधी हलवली तर हवेत. पत्रा मागे आपटला तर वळून बघितलं आणि परत चिंधीकडे, दुसऱ्या सेकंदाला. पकड पूर्ण तोंडाची, मागच्या दाढांपर्यंत, आणि धरल्यावर शांत, चघळणं नाही. ही पकडच सगळं सांगते, जो कुत्रा नुसत्या पुढच्या दातांनी धरतो आणि सारखी जागा बदलतो त्याच्या मनात निघायचं असतं.

पण काकूंसाठी नाही. बुलेटला गाडीतून काढलं तेव्हापासून परत ठेवेपर्यंत तो एकदाही बसला नाही. खुर्ची टाकून पट्ट्यावर पाय ठेवून मी बसलो, बाकीचे चहा पीत होते, हा गोल गोल, कुंई कुंई, पट्टा चावतोय, माझा बूट चावतोय. फौजेत आणि निमलष्करी दलांत मॅलिनॉइस का घेतात ते उघड आहे, तिथे त्याला दिवसभर काम आहे आणि तरणाबांड हँडलर आहे. साठीच्या बाईकडे हा सीताफळाची झाडं सोलून काढेल. ब्रीडर म्हणाला मोठा झाला की शांत होतो. होतो थोडा. काकूंनी तोपर्यंत काय करायचं?

बुलेटचा नंबर ठेवून घेतलाय, स्पोर्टसाठी एकाला पाहिजे आहे.

२ जुलै

तारा. जर्मन शेफर्ड मादी, एकोणीस महिने, २८ किलो. मालकांची बदली दुबईला झाली म्हणून द्यायची आहे, रडत रडत देतायत. पाठ सरळ आहे, शोवाल्या कुत्र्यांसारखी मागे उतरती नाही. खुब्याचा एक्सरे करून घेतलेला, स्वच्छ. आधी एक्सरे बघतो मी, नंतर कुत्रा. खुबे खराब असतील तर दोन वर्षं मेहनत करून हातात लंगडा कुत्रा.

गाडीतून उतरली, जागा हुंगली, शू केली, पैलवानकडे बघितलं आणि सोडून दिलं. पत्रा आपटला तेव्हा दचकली, चांगलीच दचकली, दोन पावलं मागे. मग स्वतःहून त्या पत्र्यापाशी गेली, हुंगला, त्यावर पाय ठेवला. मला न दचकणाऱ्या कुत्र्यापेक्षा दचकून परत जाणारा कुत्रा जास्त आवडतो, त्याचं डोकं चालू आहे.

पैलवान सीझरला आला होता तसाच हळू चालत आला. ती उठून उभी राहिली, तोंड बंद, शेपटी वर पण ताठ नाही, वजन पुढच्या पायांवर. पाच पावलांवर एक खोल भुंकणं. तो थांबला, ती पण थांबली. तो "काय गं" म्हणून हसला आणि बाजूने निघून गेला, तिने मान वळवून बघितलं आणि खाली बसली. मालकीणबाईंनी काहीच सांगितलं नव्हतं.

चिंधीवर ड्राईव्ह, म्हणजे झडप घालायची ओढ, मध्यम. बुलेटच्या निम्मा. मैदानात हिला मेडल मिळणार नाही. घेतली.

३ जुलै

मुलाचा फोन, तारा "साधी वाटते" म्हणे व्हिडिओत.

१५ जुलै

पाऊस. ग्राउंडवर चिखल, म्हणून काम रस्त्यावर आणि शेडमध्ये. सध्या बाईटवर्क शून्य. सासवड एसटी स्टँड, भाजी बाजार, पेट्रोल पंप, आणि सगळ्यात उपयोगी म्हणजे रोपवाटिकेत चाललेलं काम, तिथे माणसं खोरी-कुदळी घेऊन ये-जा करतात. ताराला पट्ट्यावर "बस" सांगून मी बाजूला उभा, माणसं दीड-दोन हातांवरून जातात. पहिल्यांदा खोरं खांद्यावर घेतलेल्या माणसाला तिने नीट न्याहाळलं. मग त्याच्यामागून दुसरा आला, तिसरा आला, आणि ती कंटाळली. खाऊ द्यायचा तो ती कंटाळल्यावर, माणूस गेल्यानंतर. माणूस येताना दिला तर ती माणसांची वाट बघायला लागते, ते पण नकोय.

पैलवान रोज काठी घेऊन फिरतोय. छत्री, बांबू, क्रिकेटची बॅट, एकदा ऊस. काठी उगारून स्वतःची पाठ खाजवतो, हे त्याने स्वतःच शोधून काढलं, फार कामाचं निघालं.

२४ जुलै

नदीकाठी ढोल पथकांचा सराव सुरू झालाय, फुकटची लॅब. लांब पार्क करून गाडीचं दार उघडं ठेवून बसलो, ताराला जेवण तिथेच. खाल्लं की जरा पुढे. खाणं थांबलं की मागे. कुत्रा ताणात आहे का हे बघायला त्याचं खाणं बघणं हे सगळ्यात सोपं मीटर आहे, भले भले कुत्रे चेहऱ्याने शांत दिसतात आणि तोंडात घास घेत नाहीत.

६ ऑगस्ट

जेवण सोडलं. ढोलामुळे नाही, ढोल तर तिला आता झोपेत पण चालतो. ताप, हिरड्या फिक्या, कानाच्या आत दोन गोचीड सापडले. ब्लड रिपोर्टमध्ये प्लेटलेट्स पडलेले, टिक फीवर. डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिन चार आठवडे सांगितलंय. पावसाळ्यात आमच्याकडे हे ठरलेलं आहे, औषध लावा, पट्टा घाला, तरी एखादा गोचीड काम करून जातो. शेडच्या भिंतींच्या भेगा पण मारून घ्यायला पाहिजेत, गोचीड कुत्र्यापेक्षा भिंतीतच जास्त राहतात.

काम बंद. पळणं, उड्या, ओढणं सगळं बंद.

१ सप्टेंबर

अजून औषध चालू आहे पण जेवतेय, प्लेटलेट्स वर आलेत. गणपतीत तिला मांडवाशेजारच्या ओळखीच्या घरात नुसतं ओट्यावर बसवून आणलं. पोरं, आरती, झांजा, डीजे. एका पोराने तिच्या कानात पिपाणी वाजवली, उठून माझ्या मागे जाऊन बसली. उत्तम.

१६ सप्टेंबर

आता खरं काम. पैलवान उघड्या स्लीव्हने. पकड पहिल्याच दिवशी पूर्ण. त्यामुळे लगेच पुढची गोष्ट बघितली, तिने धरल्यावर पैलवानने स्लीव्ह हातातून सोडून दिली आणि स्वतः मोकळ्या हाताने चार पावलांवर उभा राहिला. स्पोर्टमधले बहुतेक कुत्रे स्लीव्ह उचलून मिरवत निघतात, माणूस गेला खड्ड्यात. ताराने स्लीव्ह तोंडात धरून ठेवली, पैलवानकडे बघितलं, मग स्लीव्ह टाकली आणि त्याच्यासमोर जाऊन भुंकायला लागली. पैलवान म्हणतो अंगावर काटा आला. हे शिकवून येतं का? येतं काही प्रमाणात, पण जिच्यात आधीच आहे तिच्यासारखं नाही.

आजपासून प्रत्येक वेळी जागा वेगळी आणि कपडे वेगळे. उघडी स्लीव्ह शक्यतो नाही, शर्टाच्या आतली लपवलेली स्लीव्ह वापरायची. तिला काय दिसलं पाहिजे तर माणूस काय करतोय ते. त्याने काय घातलंय हे नाही.

२८ सप्टेंबर

"सोड" वर काम. जोर लावून, गळा आवळून सोडायला लावणारे अजून आहेत, त्याने होतं असं की कुत्र्याला वाटतं मालक आला म्हणजे आपलं जातंय, मग तो अजून घट्ट धरतो किंवा मालक जवळ आला की त्यालाच गुरगुरतो. आम्ही उलटं करतो. पैलवान एकदम निर्जीव होतो, खांबासारखा, मजा संपली. मी "सोड" म्हणतो. तिने सोडलं की तिसऱ्या सेकंदाला पैलवान परत हलतो आणि तिला परत धरायला मिळतं. सोडलं की मिळतं, एवढंच तिच्या डोक्यात बसवायचंय. मग हळूहळू ते तीन सेकंद वाढवायचे, मग मिळणं कमी करायचं, शेवटी सोडलं की चालत काकूंकडे यायचं आणि तिथे मटण.

धरलेलं असताना काठीचे हलके फटके पण दिले, कारण खरा माणूस मारणारच. पण त्यानंतर त्याच दिवशी तोच पैलवान तीच काठी घेऊन तिच्यासमोरून पाणी प्यायला गेला आला. तिने बघितलं. काही केलं नाही. अजून महिनाभर हे रोज करणार.

१० ऑक्टोबर

ऑक्टोबर हीट. काम सकाळी साडेसहाला, आठच्या आत बंद. कुत्र्याला घाम येत नाही आपल्यासारखा, बाईटवर्कमध्ये तोंड बंद असतं त्यामुळे धापा टाकून थंड होता येत नाही आणि अंग झपाट्याने तापतं. थर्मामीटर बॅगेत असतो, साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट नॉर्मल, १०४ दिसलं की मी त्या दिवशीचं काम गुंडाळतो, पंजे आणि पोट ओलं करायचं, सावलीत पंखा. शेजारच्या ग्राउंडवर दुपारी एकला बाईट सूट (हेल्परचा अंगभर जाड पोशाख) घालून व्हिडिओ काढत होते. बोललो नाही, पण कुत्र्याची जीभ फावड्यासारखी रुंद आणि टोकाला वळलेली होती.

२३ ऑक्टोबर

दिवाळी झाली. पाडव्यापर्यंत फटाक्यात जेवली, लक्ष्मीपूजनाला रात्री खाटेखाली होती पण हाक मारल्यावर बाहेर आली. चालेल.

५ नोव्हेंबर

काकूंकडे हलवली. आता मी कमी, काकू जास्त. पहिले काही दिवस जेवण फक्त काकूंच्या हातून, फिरणं काकूंबरोबर, झोपणं काकूंच्या खोलीच्या दारात, आणि मी दिसलो तरी बोलायचं नाही तिच्याशी. हे मला जड जातं खरं तर. ती माझ्याकडे बघते आणि मी मोबाईलमध्ये तोंड घालून उभा.

काकूंचा आवाज मऊ. "सोड गं बाई" म्हणतात. म्हटलं काकू नुसतं "सोड". "असं तुसडं कसं बोलायचं तिच्याशी?" शेवटी तडजोड, आधी "सोड", मग पाहिजे तेवढं लाडात बोला.

मळ्यावरचा मोत्या (गावठी, पिवळा, एक कान तुटका) बाहेरच राहणार. काकूंनी विचारलं होतं की मग आपली कारवानी का नाही घेतली, चांगली असते म्हणतात. चांगलीच असते, चपळ, काटक, कान तिखट, पण ती सशामागे पळायला घडलेली जात आहे, माणसासमोर ठाण मांडून उभं राहायला नाही. चाहूल द्यायचं काम मोत्या मोफत करतोय. मोत्या भुंकला की तारा उठते, आणि काकूंना कळतं. दोन कुत्र्यांनी काम वाटून घेतलंय, कुणी शिकवलं नाही.

रात्री तारा घरात. यावर मुलाशी परत वाद, त्याला वाटतं प्रोटेक्शन डॉग रात्री बागेत मोकळा पाहिजे. या पट्ट्यात बिबट्या आहे. बिबट्याला कुत्रा म्हणजे जेवण, ट्रेनिंग झालेला असो नाहीतर नसो. मोत्यासाठी पण रात्रीचा जाळीचा खुराडा करून घेतला.

२२ नोव्हेंबर

कायद्याचं मुलाला समोर बसवून सांगितलं. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१, आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून काळजी घेतली नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कुत्रा ट्रेन केलेला आहे हे तिथे तुमच्या बाजूने जाईलच असं नाही, उलट तुम्हाला माहीत होतं हा काय करू शकतो असं समोरचा वकील म्हणेल. गेटवर पाटी, रेबीजचं सर्टिफिकेट फाईलमध्ये, आणि मित्र आले की "बघ कसा धरतो" असला खेळ अजिबात नाही. करारात लिहून घेतलंय, हे केलं तर मी कुत्रा परत नेणार.

१४ डिसेंबर

टेस्ट. पैलवानचा वास ती ओळखते म्हणून कोल्हापूरहून दोन अनोळखी हेल्पर बोलावले, ताराने त्यांना कधी बघितलेलं नाही. काकूंना क्रम सांगितला नाही, त्यांना माहीत असलं की पट्ट्यावरचा हात आधीच घट्ट होतो आणि कुत्र्याला बरोबर कळतं.

दिवसा एकजण शिडी आणि पक्कड घेऊन वायरमन बनून आला. कान हलले, बास. दुसरा कोयता हातात घेऊन पडवीत पाणी मागायला आला, काकूंनी तांब्या दिला, तारा मध्येच पसरलेली होती ती उठली पण नाही, त्याला ओलांडून जावं लागलं. माझ्यासाठी टेस्ट इथेच पास होती.

मग बांधाचं भांडण. हे मी मुद्दाम ठेवलं होतं कारण गावात आवाज चढणं रोजचं आहे. हेल्पर पुतण्या बनून आला, "काकू, बांध कोरलाय तुमच्या माणसाने", आणि काकू अशा काही तापल्या की मला वाटलं खरंच कोणाचा तरी राग काढतायत. हातवारे, आरडाओरडा. तारा उभी राहिली, काकूंच्या गुडघ्याला चिकटून, एकदाच भुंकली. काकूंनी "आत जा" म्हटलं, गेली, पण उंबऱ्यावर बसली, आत नाही. अर्धे मार्क.

रात्री साडेनऊ. मोत्याला मुद्दाम बंद ठेवला होता. हेल्पर पडवीत येऊन उभा, एप्रिलमधल्या माणसासारखा, काहीच न करता. तारा आत होती, गुरगुरली, काकूंनी लाईट लावून दार उघडलं आणि ती दारातून बाहेर येऊन त्याच्यापासून चार-पाच फुटांवर, काकूंकडे पाठ, खोल सलग भुंकणं. तो एक पाऊल पुढे आला तर ती मागे सरली नाही. तो मागे गेला तशी ती पडवीच्या कडेपर्यंत गेली आणि थांबली. पाठलाग नाही. तिथली रेषा आम्ही महिनाभर शिकवली होती, पण नवीन माणूस अंधारात पळत असताना ती पाळेल का याची मला खात्री नव्हती, हे कबूल.

शेवटचं, त्याने परत येऊन काकूंचं मनगट धरलं. शर्टाच्या आत स्लीव्ह होती, जाकीट वरून, काही दिसत नव्हतं. तिने दंडाच्या खाली धरलं, पूर्ण तोंड, आणि तो काकूंपासून ओढला गेला. त्याने ओरडून दोन फटके दिले, पकड तशीच. मग तो थांबला. काकूंनी "सोड" म्हटलं, आवाज थरथरत होता, तिने नाही सोडलं. दुसऱ्यांदा मोठ्याने, सोडलं आणि काकूंपाशी येऊन उभी राहिली, नजर त्याच्यावर. दुसऱ्या आज्ञेला सोडणं म्हणजे माझ्या कागदावर नापास. बाकी सगळं पास असलं तरी हा एक मुद्दा परत होणार, आणि तोपर्यंत हे काम पूर्ण झालं असं मी लिहून देणार नाही.

मुलाने व्हिडिओ बघितला, आता म्हणतो "भारीच". त्याला नेमका शेवटचा भाग आवडला.

काकूंना खाली बसवून पाणी दिलं. म्हणाल्या हात खरंच दुखला पण त्या पोराला काही लागलं नाही ना ते बघा.

११ जानेवारी २०२६

महिनाभर "सोड" काकूंच्या आवाजात, घाबरलेल्या आवाजात, खोकत, पदर तोंडावर धरून, दुसऱ्या खोलीतून. आज परत टेस्ट, नवीन माणूस, नवीन जागा (विहिरीजवळ, दिवसा). पहिल्या "सोड"ला सोडलं. परत एकदा केलं, परत पहिल्यालाच. उंबऱ्याचं पण सुटलं, आता "आत जा" म्हटलं की स्वयंपाकघरात जाऊन बसते, तिथे काय मिळतं ते काकूंनाच माहीत, वजन ३० किलोवर गेलंय, दोन किलो उतरवा म्हणून सांगितलं.

काम पूर्ण म्हणून सही दिली. दर तीन महिन्यांनी फॉलोअप, प्रत्येक वेळी नवा हेल्पर. एप्रिलसाठी दौंडचा एक पोरगा तयार आहे, अंगाने चांगला आहे, सूट घालून बघितला, बसतो. फक्त त्याच्या आईचा फोन आला होता की लहानपणापासून तो कुत्र्याला घाबरतो, तर जरा सांभाळून घ्या.